व्हर्नाबाईंची शेवटची वडी

१

व्हर्ना हौगेनबाईंनी काचेच्या ट्रेवरचं फॉइल उचललं, आत पाहिलं आणि फॉइल परत जागेवर ठेवलं. मग आपल्या डोळ्यांना आणखी एक संधी द्यावी तसं पुन्हा उचललं. ट्रेमध्ये काहीही नव्हतं.

"हे जरा वेगळंच झालं," त्या म्हणाल्या.

शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी आपापले कप खाली ठेवले. नॉर्ड लेकमध्ये माणसं रागावली की ओरडत नाहीत. मिनेसोटाच्या त्या कोपऱ्यात ओरडणं म्हणजे अंगावरचे कपडे काढून रस्त्यात उभं राहण्यासारखं. तिथे माणूस फार संतापला तर 'जरा वेगळंच झालं' म्हणतो, आणि ऐकणाऱ्याने त्यावरून काय ते ओळखून रजेचा अर्ज द्यायचा असतो. त्यात व्हर्नाबाई शाळेच्या मंडळाच्या अध्यक्ष.

सकाळी त्यांनी स्वतः हा ट्रे आणून दिला होता. तळ्यावरचा बर्फ नुकताच सुटला होता, अंगणातल्या आंबट रूबार्बचे पहिले लालचुटूक देठ वर आले होते आणि त्यांच्या वड्या करून व्हर्नाबाईंनी शाळेला धाडल्या होत्या. "खा पोटभर," त्या म्हणाल्या होत्या. "फक्त एक माझ्यासाठी ठेवा. मीटिंगच्या आधी कॉफीबरोबर खाईन." कोपऱ्यातली एक तळहाताएवढी वडी त्यांनी बोट दाखवून नेमूनही दिली होती. आता तो कोपराही मोकळा होता.

"दुपारी मी पाहिलं तेव्हा ट्रे रिकामाच होता," मुख्याध्यापिका मार्लिस घाईघाईने म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही येऊन खाऊन गेलात. म्हणून मीच झाकून ठेवला." बोलता बोलता तिने बाहीतून निळ्या फुलांचा कागदी रुमाल काढला आणि टेबलावरचा कॉफीचा थेंब पुसून टाकला. मार्लिसचं डाग, धूळ आणि कण यांच्याशी जन्मजात वैर होतं. ती बोलत असताना समोरच्याने श्वास सोडला तरी ती तिथलं टेबल पुसायची.

"मी कुणाला दोष देत नाही," व्हर्नाबाई म्हणाल्या. याचा अर्थ सगळ्यांना देते आहे असा होता.

खेळाचे मास्तर क्लेटन पुढे सरसावले. उंच, रुंद, गळ्यात शिटी आणि गेल्या नाताळपासून डाएटवर. "हे बघा, हिशोब सरळ आहे," ते म्हणाले. "आपल्या गावात शेवटचा तुकडा कुणी खात नाही. खाल्लाय कधी कुणी? माझी आजी चर्चच्या जेवणात एका बटाट्यासमोर तासभर बसली होती, पण तिने तो उचलला नाही. आणि इथे तर तुकडा गेलाय. म्हणजे खाणारा माणूस नव्हता."

यावर सगळ्यांच्या माना दारापाशी उभ्या असलेल्या ऑर्विलकडे वळल्या.

ऑर्विल म्हणजे शाळेचा सफाई आणि बॉयलर सांभाळणारा. त्याचा कुत्रा पास्टर, अंगभर काळा आणि गळ्याशी पाद्र्याच्या कॉलरसारखा पांढरा पट्टा, म्हणून ते नाव. मागच्या शरद ऋतूत ऑर्विलची बायको ग्लॅडिस गेली. तेव्हापासून कुत्र्याला घरी एकटं ठेवलं की तो असा काही रडायचा की शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं. मग मार्लिसने हिवाळ्यापुरती परवानगी दिली आणि पास्टर बॉयलरच्या खोलीत येऊन राहू लागला. पुढे त्याने राहायचं की नाही, हे आज मंडळ ठरवणार होतं. मंडळ म्हणजे व्हर्नाबाई. बाकीचे सभासद त्यांची मान हलली की आपली हलवायचे.

ऑर्विलने हातमोजे काढले, एकावर एक ठेवले. "शनिवारी नेतो त्याला डाकोटात," तो म्हणाला. "पुतण्याचं शेत आहे तिथे. मोकळी जागा आहे." मग त्याने खुंटीवरून कुत्र्याची दोरी काढली आणि तो खाली निघून गेला.

हे आर्डिस लुंडबाईंना सहन झालं नाही. खरं तर त्यांना कुत्री आवडायची नाहीत आणि पास्टर तर बिलकुल नाही, कारण फेब्रुवारीत त्याने त्यांचा एक लोकरी हातमोजा पळवला होता. पण त्या चौथीच्या बाई होत्या, आणि सकाळभर त्यांनी पोरांना एकच गोष्ट घोटवली होती. वर्गात दोन बादल्या. पाहिलेलं, मोजलेलं, पडताळता येईल ते निळ्या बादलीत. जे नुसतं कुणाला वाटतं ते पिवळ्या बादलीत. पोरांनी 'पालक घाणेरडा लागतो' ही चिठ्ठी तीनदा निळ्या बादलीत टाकली होती आणि तीनदा बाईंनी ती काढली होती. एवढं घसा फोडून शिकवायचं आणि इथे आपल्याच हाताखालून गेलेले हे घोडे पिवळ्या बादलीतल्या चिठ्ठीवर एका माणसाचं घर उठवणार?

"व्हर्नाबाई," त्या म्हणाल्या, "कॉफीचं मोठं भांडं आत्ताच लावलंय. ते उकळेपर्यंत मला वेळ द्या."

"कशासाठी?"

"वडी कुणी खाल्ली ते शोधायला."

"ते तर कळलंच आहे ना?" क्लेटन म्हणाले.

"तुला कळलेलं नाही, क्लेटन. तुला वाटलंय," आर्डिसबाई म्हणाल्या. "चौथीतही तुझं हेच होतं."

२

ऑफिसात बाओ व्हांग कागदांना टाचण्या मारत होती. ती नॉर्ड लेकमध्येच जन्मली, आर्डिसबाईंच्याच वर्गातून गेली आणि आता शाळेचं ऑफिस एकटीच्या जिवावर चालवत होती. दूरदेशाहून इथे आलेल्या तिच्या आजीच्या मते बाओ गावातल्या मूळच्या नॉर्वेवाल्यांपेक्षाही जास्त नॉर्वेवाली झाली होती, म्हणजे दुसऱ्याने तीनदा आग्रह केल्याशिवाय ती पाणीसुद्धा प्यायची नाही.

"बाई, मला कुणाचं वाईट सांगायचं नाही," बाओ म्हणाली, "पण पास्टर वर आला होता. जेवणाच्या सुट्टीच्या आधी. शिक्षकांच्या खोलीकडेच गेला."

आर्डिसबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "तू पाहिलास?"

"म्हणजे काय, अगदी इथूनच गेला की."

"बाओ. पाहिलास?"

बाओने टाचणीयंत्र खाली ठेवलं. आर्डिसबाईंचा तो स्वर तिला चौथीपासून माहीत होता. "पाहिला नाही," ती म्हणाली. "ऐकला. पॅसेजमध्ये नखं वाजली. टक टक टक टक. मी फोनवर होते."

"ऐकलंस काय? नखं की टकटक?"

"टकटकच की हो. पण टकटक कशाची असणार? नखांचीच."

"टकटक निळ्या बादलीत. नखं पिवळ्या."

"बाई, मी आता एकतीस वर्षांची आहे."

"म्हणून तर जास्त काळजी वाटते," आर्डिसबाई म्हणाल्या. "बरं, तू वड्या खाल्ल्यास?"

"सकाळी एक. खोबरं घातलं होतं ना या वेळी वरून? मस्त लागत होतं."

"घातलं होतं खरं. ओटऐवजी खोबरं. मलाही आवडलं," आर्डिसबाईंच्या तोंडाला नुसत्या आठवणीने पाणी सुटलं. "आणि नंतर?"

बाओ उगाच एका फाइलचा कोपरा सरळ करू लागली. तिचे कान लाल झाले.

"नंतर जेवणाआधी परत गेले होते कॉफीला," ती म्हणाली. "व्हर्नाबाईंची वडी तिथे होती. मी त्यातली थोडीशी घेतली. अगदी थोडीशी! पण त्यांच्यासाठी चांगली मोठी ठेवली हो. शप्पथ, बाई. मी शेवटची नाही खाल्ली. मी असं कधी करीन का?"

"नाही करणार," आर्डिसबाई म्हणाल्या, आणि ते त्यांना खरंच वाटलं. पण दाराबाहेर आल्यावर 'थोडीशी' हा शब्द बुटात शिरलेल्या खड्यासारखा त्यांना टोचू लागला.

३

क्लेटन मास्तर व्यायामशाळेत चेंडू जाळीत भरत होते. आर्डिसबाईंना पाहून त्यांनी पोट आत घेतलं.

"बाई, तुम्ही उगाच दमताय," ते म्हणाले. "मी कुत्र्याला रंगेहाथ पाहिलंय."

"वडी खाताना?"

"त्यानंतर. चेंडू आणायला खाली गेलो होतो. बॉयलरच्या दारात बसला होता लबाड, आणि गळ्याचा तो पांढरा पट्टा गुलाबी झालेला! चांगला गुलाबी, व्हर्नाबाईंच्या पाकाचा रंग. आता बोला."

गुलाबी पट्टा म्हणजे निळ्या बादलीतला माल. आर्डिसबाईंनी मनातल्या मनात ती चिठ्ठी निळ्या बादलीत टाकली आणि त्यांना उदास वाटलं.

"आणि त्याचा इतिहास बघा ना," क्लेटन रंगात आले. "माझं सॉसेजचं सँडविच कुणी खाल्लं मार्चमध्ये? अख्खं! कागदासकट!"

"तेव्हा तू डाएटवर होतास ना?"

"ते सँडविच डाएटचंच होतं," क्लेटन म्हणाले आणि चेंडू भरायला वळले. लाकडी जमिनीवर त्यांची पावलं पडली. टक टक टक टक.

आर्डिसबाईंनी खाली पाहिलं. "क्लेटन, पायात काय घातलंयस?"

"धावायचे बूट. खिळ्यांचे. मैदान ओलं आहे ना सगळं. इथे आत घालायचे नसतात, मार्लिसला सांगू नका. सकाळपासून काढायला वेळच नाही मिळाला."

"जेवणाआधी ऑफिसवरून शिक्षकांच्या खोलीकडे गेला होतास?"

"गेलो असेन. दिवसभर येणं-जाणं चालूच असतं."

"आणि व्हर्नाबाईंची वडी?"

क्लेटननी शिटी तोंडात धरली, फुंकली नाही, पुन्हा काढली. एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा बघता बघता नऊ वर्षांचा झाला.

"चव पाहिली नुसती," ते म्हणाले. "डाएटवर चव पाहिलेली चालते. जाता जाता. पण व्हर्नाबाईंचा तुकडा तसाच होता, बाई! भलामोठा ठेवला मी. शेवटचा तुकडा उचलायला मी काय शिकागोचा आहे?"

टकटक कुत्र्याची नव्हती, एवढं तर झालं. पण पास्टरच्या गळ्यावरचा गुलाबी डाग काही बुटाच्या खिळ्यांनी पुसला जाणार नव्हता. आर्डिसबाई बॉयलरच्या खोलीकडे जाणारा जिना उतरू लागल्या आणि अर्ध्यावरच त्यांना खालून ऑर्विलचा आवाज आला. तो कुत्र्याची समजूत घालत होता. डाकोटात ससे पुष्कळ आहेत म्हणून सांगत होता.

४

बॉयलरची खोली उबदार होती. कोपऱ्यात एक जुनं गोधडीसारखं पांघरूण, त्यावर पास्टर, आणि शेजारी उलट्या बादलीवर ऑर्विल. त्याच्या हातात दोरी तशीच होती.

आर्डिसबाईंना पाहताच तो उभा राहिला. "आर्डिस, मीच खाल्ली," तो म्हणाला.

"काय?"

"वडी. व्हर्नाबाईंची. मी खाल्ली. कुत्र्याने नाही. माझ्यावर काय करायचं ते करा. मला काढून टाका हवं तर. पण याला राहू द्या म्हणावं." मग त्याच्या लक्षात आलं की त्याला काढलं तर कुत्रा कुणाजवळ राहणार, आणि तो गोंधळून पुन्हा बादलीवर बसला.

आर्डिसबाईंनी समोरचं खोकं ओढलं आणि त्याही बसल्या. "कशी होती चवीला?"

"छान होती."

"म्हणजे कशी?"

"गोड. आंबट. व्हर्नाबाईंची असते तशीच. वरचे ओट कुरकुरीत होते."

"या वेळी ओट नव्हते, ऑर्विल. खोबरं होतं."

ऑर्विल बुटांकडे पाहत राहिला.

"तू एकही वडी खाल्ली नाहीस आज," आर्डिसबाई म्हणाल्या. "आणि साठी उलटली तरी तुला धड खोटं बोलता येत नाही. ग्लॅडिस म्हणायचीच."

"सकाळी गर्दी होती," तो पुटपुटला. "म्हटलं सगळ्यांचं होऊ दे. नंतर गेलो तर एकच होती, आणि ती व्हर्नाबाईंची." त्याने पास्टरच्या डोक्यावर हात ठेवला. "हा दिवसभर इथेच होता, आर्डिस. पण माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? मी त्याचाच माणूस. ग्लॅडिस गेल्यावर घरात कुणीतरी श्वास घेतंय, एवढंच आहे मला. तो गेला की मी काय करीन ते मला माहीत नाही."

आर्डिसबाई पास्टरकडे बघू लागल्या, कारण ऑर्विलकडे बघणं जमेना. कुत्र्याच्या गळ्याचा पट्टा खरंच गुलाबी होता. वाळून चिकट झालेला. क्लेटन खोटं बोलले नव्हते.

"हे कुठून आलं?"

"मला नाही माहीत. दुपारी वरचा कचरा आणला, पिशवी इथे टेकवली आणि पाईपाकडे बघत होतो. परत आलो तर याने पिशवीत तोंड घातलेलं. ओढून काढलं."

"वरचा म्हणजे शिक्षकांच्या खोलीतला?"

"तोच."

आर्डिसबाईंनी खाली वाकून पांघरुणाचं टोक उचललं. खाली त्यांचा फेब्रुवारीतला लोकरी हातमोजा होता, छान सांभाळून ठेवलेला. त्याच्याशेजारी चघळून चोथा झालेला कागदाचा बोळा होता. त्यांनी तो दोन बोटांनी उलगडला. गुलाबी पाक, खोबऱ्याचा एक कीस, आणि निळी फुलं.

वरून बाओचा आवाज आला, "बाई! कॉफी झाली! व्हर्नाबाई घड्याळ बघतायत!"

"दोरी खुंटीवर टांग," आर्डिसबाई ऑर्विलला म्हणाल्या. "आणि याला घेऊन वर ये."

५

सगळे जमले होते. व्हर्नाबाई टेबलाच्या टोकाशी, पर्स मांडीवर. मार्लिस साखरेचे दाणे गोळा करत होती. क्लेटननी बूट बदलले होते. पास्टर टेबलाखाली जाऊन पसरला आणि त्याने एक सुस्कारा सोडला.

"माझा निष्कर्ष असा, की कुणीच खोटं बोललेलं नाही," आर्डिसबाई म्हणाल्या. "ऑर्विल सोडून. त्याने मीच खाल्ली म्हणून सांगितलं, पण त्याला खोबऱ्याचा पत्ता नव्हता."

"मग वडी गेली कुठे?" व्हर्नाबाईंनी विचारलं.

"आधी मार्लिसला विचारते. मार्लिस, तू ट्रे पाहिलास तेव्हा तो कसा होता?"

"रिकामा. सांगितलं ना."

"अगदी रिकामा? काहीच नव्हतं?"

"काहीच नव्हतं. कोपऱ्यात एक कण चिकटला होता, तो मी रुमालाने काढून टाकला."

"कण केवढा होता?"

"कण म्हणजे कणाएवढाच की!"

"बोटावर दाखव."

मार्लिसने आपला हात पुढे केला, थोडा विचार केला आणि अंगठ्याचं नख दाखवलं. आर्डिसबाईंनी निळ्या फुलांचा चोथा झालेला रुमाल टेबलावर ठेवला. मार्लिसचा हात तो फेकण्यासाठी आपोआप पुढे आला आणि मधेच थांबला.

"हा रुमाल तुझा. तू कचऱ्यात टाकलास, ऑर्विलने कचरा खाली नेला, पास्टरने तो पिशवीतून ओढून चाटला. गळा गुलाबी झाला तो असा. तो वर आलाच नव्हता. बाओने जी टकटक ऐकली ती क्लेटनच्या खिळ्यांच्या बुटांची."

"खिळ्यांचे बूट? माझ्या पॅसेजमध्ये?" मार्लिस ओरडलीच, म्हणजे नॉर्ड लेकच्या मानाने.

"पण अंगठ्याच्या नखाएवढी वडी मी नेमून दिली नव्हती," व्हर्नाबाई म्हणाल्या. "तळहाताएवढी दिली होती."

आर्डिसबाईंनी रिकामा ट्रे उचलून खिडकीच्या उजेडात धरला. काचेच्या तळाशी, त्या कोपऱ्यात, पाकाचा गुलाबी चौकोन वाळून बसला होता. त्यावर सुरीच्या रेघा होत्या. पहिली चौकोनाच्या बरोबर मधोमध. दुसरी उरलेल्या अर्ध्याच्या मधोमध. त्यानंतरची त्याच्याही मधोमध, मग आडवी, मग उभी, आणि कोपऱ्यात तर त्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या.

"कुत्र्याला सुरी धरता येत नाही," आर्डिसबाई म्हणाल्या. "आणि चोर असा मापाने कापत नाही, तो उचलून पळतो. असं फक्त आपल्या गावची माणसं कापतात. शेवटचा तुकडा घ्यायचा नाही, म्हणून निम्मा घ्यायचा. मग दुसरा येतो, त्यालाही शेवटचा घ्यायचा नसतो. बाओ, तुझी रेघ कुठली?"

बाओने उठून दुसऱ्या रेघेवर बोट ठेवलं. "मी ठेवलेली चांगली मोठी होती हो," ती म्हणाली, पण तिचाच आवाज उतरत गेला.

"'थोडीशी' घेतली आणि 'मोठी' ठेवली. दोन्ही शब्द पिवळ्या बादलीतले. तू निम्मी घेतलीस आणि निम्मी ठेवलीस, एवढं खरं. क्लेटन?"

क्लेटननी तिसऱ्या रेघेवर बोट ठेवलं. सगळे वाट पाहत राहिले. मग त्यांनी चौथीवरही ठेवलं. मग बोट उचलून त्यांनी सगळा तळहातच त्या कोपऱ्यावर पसरला.

"येता-जाता," ते म्हणाले. "चव पाहण्यापुरती. आणि दर वेळी ठेवत होतो की हो व्हर्नाबाईंसाठी!"

"आणि शेवटी उरलेला तुकडा क्लेटनच्या मते 'भलामोठा', मार्लिसच्या मते 'कण', आणि ट्रे 'रिकामा'. मार्लिस, शेवटचा तुकडा गावात पहिल्यांदा कुणी उचलला असेल तर तो तू."

मार्लिसचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मी?" ती म्हणाली. "मी शेवटचा…" ती खुर्चीवर बसली आणि आयुष्यात पहिल्यांदाच खुर्ची न पुसता बसली.

व्हर्नाबाई मात्र ट्रेकडे बघत होत्या. मंडळाच्या अध्यक्ष त्या उगाच नव्हत्या. "आर्डिस," त्या म्हणाल्या, "पहिली रेघ कुणाची?"

सकाळची सुट्टी आर्डिसबाईंच्या डोळ्यांपुढे आली. बादल्यांच्या भानगडीत वर्ग उशिरा सुटला होता. त्या आल्या तेव्हा बाकीच्या वड्या संपल्या होत्या. मग खोबऱ्याची चव त्यांना कशी माहीत? कॉफीबरोबर घेतला होता की जरासा. अगदी जरासा. तो काही मोजण्यासारखा नव्हता. व्हर्नाबाईंसाठी त्यांनी चांगला मोठा…

त्यांनी साऱ्या शाळेची उलटतपासणी घेतली होती. एकट्या आर्डिस लुंडला काही विचारायचं राहून गेलं होतं.

"माझी," त्या म्हणाल्या. कान तापले होते. "म्हणजे सगळ्यात मोठा वाटा मी खाल्ला. निम्मी वडी. आणि कुत्र्याने काय तो रुमाल चाटला."

"बाई!" बाओ आणि क्लेटन एकदम म्हणाले, आणि त्या दोन अक्षरांत त्यांच्या चौथीच्या सगळ्या वर्षाचा सूड होता.

कोण आधी हसलं ते सांगता येत नाही. बहुतेक ऑर्विल, कारण त्याचा हसण्याचा आवाज कुणी बऱ्याच महिन्यांत ऐकला नव्हता आणि सगळे तिकडे वळले. हसता हसताच तो डोळे पुसत होता.

व्हर्नाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पर्स उघडली आणि फॉइलमध्ये बांधलेली एक वडी काढून बशीत ठेवली. "ही लॉइडसाठी ठेवली होती," त्या म्हणाल्या. "नवऱ्याला काय सांगायचं ते मी बघीन. ऑर्विल, आज एकट्या तुलाच मिळाली नाही. घे."

"नको, राहू दे."

"घे म्हणते."

"खरंच नको."

"ऑर्विल."

तिसऱ्यांदा म्हटल्यावर ऑर्विलने सुरी उचलली. त्याने वडीवर सुरी टेकवली, एक डोळा मिटून अंदाज घेतला आणि बरोबर मधोमध कापली. निम्मी घेतली. निम्मी बशीत ठेवली. "सगळ्यांना," तो म्हणाला.

बशीकडे कुणीही हात नेला नाही. क्लेटननी दोन्ही हात खिशात घातले. बाओ खिडकीबाहेर पाहू लागली. कॉफी निवत चालली तरी ती निम्मी वडी तशीच होती, आणि खाली लायब्ररीत मंडळाची माणसं खोकत होती.

तेवढ्यात टेबलाखालून पास्टर उठला. त्याने पुढचे दोन्ही पाय सावकाश खुर्चीवर ठेवले, साऱ्या नॉर्ड लेकच्या देखत मान पुढे केली आणि वडी एका घासात खाल्ली. मग बशीही चाटली. मार्लिसला धुण्यासारखं काही ठेवलं नाही.

ऑर्विलचा रंग उडाला. हातातली आपली निम्मी त्याने तशीच धरून ठेवली होती.

"हे मी पाहिलं," व्हर्नाबाई म्हणाल्या. "या दोन डोळ्यांनी. आर्डिस, हे तुझ्या निळ्या बादलीत?"

"निळ्या," आर्डिसबाई खोल आवाजात म्हणाल्या. दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं.

व्हर्नाबाई उठल्या, पर्स बंद केली आणि दाराशी जाऊन वळल्या. "इतकी वर्षं मी या गावात वड्या करते," त्या म्हणाल्या. "शेवटची वडी मनापासून खाणारं आज पहिल्यांदा भेटलं. चांगला कुत्रा आहे. राहू दे त्याला."

त्या जिना उतरून गेल्या. ऑर्विल मटकन खाली बसला, जमिनीवरच, आणि त्याने कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसलं. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं आर्डिसबाईंना फार वाटलं, आणि त्यांनी ठेवला.

'चांगला कुत्रा आहे' ही चिठ्ठी खरं तर पिवळ्या बादलीतली होती. आर्डिसबाईंनी ती मनातल्या मनात पिवळ्या बादलीत टाकली, आणि मग पास्टरच्या ओठाला लागलेला खोबऱ्याचा कीस त्यांनी स्वतःच्या बोटाने पुसला.